तीस सेकंद

मे महिना, रात्रीचे साडेदहा,
सर्व्हर रूमचा एसी अठरावर,
तरी पश्चिमेची भिंत अजून हाताला चटका देते.
मेडिकल चौकातल्या रक्तपेढीतून सुकेशिनीचा फोन :
"मॅडम, बी निगेटिव्ह किती हाये विचारलं,
तर नुस्तं गोल फिरून राह्यलं. मंग लाल अक्षरं."
काय लिहिलंय?
"वेळ संपली म्हणते."
कोणाची, ते लिहिलेलं नसतं.
ती फ्रीज उघडून पिशव्या हातानं मोजायला जाते.

मीही आधी तेच केलं जे सगळे करतात.
तीस सेकंदांची मुदत साठ केली.
लाल अक्षरं आता एका मिनिटानं येऊ लागली.

मग सर्व्हिस बंद, सर्व्हिस चालू.
बारा मिनिटं सगळं गोड.
तेराव्या मिनिटाला सुकेशिनी : "पुन्हा तेच जी."

बाबा अजनीच्या लोको शेडमध्ये फिटर होते.
म्हणायचे, आंधी कान लाव, मंग पाना उचल.

कान लावला.
पिंग एक मिलिसेकंद. रस्ता मोकळा.
डिस्क निवांत, प्रोसेसर जांभया देतोय.
कनेक्शन : शंभरपैकी शंभर.
हां.
शंभर जण आत, आणि हात कुणाचाच हलत नाही.
एक्याऐंशी थांबलाय चव्वेचाळीससाठी,
चव्वेचाळीस नव्वदसाठी,
नव्वद दोनशे चौदासाठी,
आणि दोनशे चौदा
कोणासाठीच नाही.
दोनशे चौदा नऊ अठ्ठेचाळीसपासून झोपलाय,
साठ्याच्या टेबलाला आतून कडी घालून.

खिडकी तीन, जुना प्रोग्रॅम, बावनकर काका.
फोन उचलला तेव्हा मागं बादलीत पाणी पडत होतं.
"कूलरचा पंप जळला ना, घरून बोलावणं आलं.
अर्धी एंट्री राह्यली. पण स्क्रीन बंद करून आलो मी!"
काका, स्क्रीन बंद केला म्हणून काम बंद होत नाही.
"अस्सं?" थोडं थांबून, "मंग इतके दिवस?"
इतके दिवस तुमचा पंप जळला नव्हता, काका.

मी दोनशे चौदाला मारलं. आमच्यात शब्दच तो आहे.
अर्धी एंट्री मागे फिरली, जणू कुणी लिहायला घेतलीच नव्हती,
आणि शंभर जण एकदम उठून कामाला लागले.
"आलं, मॅडम! चार दाखवते."
मग जरा वेळानं, खालच्या आवाजात :
"फ्रीजमध्ये तीनच हायेत."
चौथी पिशवी कुणाच्या तरी अंगात गेली होती
नऊ अठ्ठेचाळीसला.
ती आम्ही दोघींनी मिळून नोंदवली, पेशंटचं नाव दोनदा वाचून.

अहवालात लिहिलं : कारण, उघडा राहिलेला व्यवहार.
उपाय, पाच मिनिटं गप्प बसलेल्याला बाहेर काढणे.
तो नियम लावताना बोट एंटरवर जरा रेंगाळलं.
पण लावला.

मानेवाड्याला पोचले तेव्हा एक वाजला होता.
हॉलमध्ये वाळ्याचा ओला वास, बाबा कूलरसमोर जागे.
अटॅकनंतर त्यांचे शब्द लांबून येतात.
आत्या विचारते आणि उत्तराआधीच ताट वाढते.
पुण्याहून दादा म्हणतो, "ऐकू येतंय ना?"
आणि फोन आईकडे द्यायला सांगतो.
मी रोज विचारते, जेवलात का बाबा,
आणि ओट्यावरची भांडी बघून स्वतःच समजून घेते.

आज विचारलं आणि चपला न काढता उभी राहिले.
कूलरचं पाणी गवतातून ठिबकत होतं.
मोजायचं नाही म्हटलं, तरी मोजलं गेलं.
तीस झाले. पस्तीस. त्यांचा डावा हात
खुर्चीच्या दांड्यावर काहीतरी शोधत होता.
एक्केचाळीसला ओठ हलले.
जेवणाचं नव्हतंच.
"काय... अडलं... होतं?"

मी खाली बसले, फरशीवर,
आणि सांगायला लागले, दोनशे चौदापासून.